दार उघडता येईल असा गाऊन

आमच्या भिलाईत उन्हाळा रस्त्यावर उतरण्याआधी माझ्या दुकानात येतो. बाहेर लोक अजून मफलर गुंडाळून सकाळच्या पाळीला जात असतात आणि मी आत मलमलीचे तागे उलगडून बसलेली असते. होळीच्या आधी सुती माल दांडीवर टांगला गेला नाही, तर तो पुढच्या वर्षीच विकायचा. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. एका उन्हाळ्याचा सगळा माल घरातल्या दिवाणात ठेवावा लागला, तेव्हा कळलं.

मी लग्नाचे कपडे कधीच शिवले नाहीत. लग्नाचे कपडे शिवणाऱ्याला लोक लक्षात ठेवतात, फोटोत त्याचं काम दिसतं. माझं काम म्हणजे घरात वावरायचे, खाली भाजी घ्यायला उतरायचे, मुलाला बसस्टॉपवर सोडायला जायचे कपडे. सैल कुर्ते, अर्ध्या बाहीचे टॉप, पायजमे आणि गाऊन. त्यातही गाऊन सगळ्यात जास्त.

हा गाऊन काय प्रकार आहे ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. टाऊनशिपच्या कुठल्याही सेक्टरमध्ये सकाळी जा. भाजीच्या ठेल्याभोवती बायका उभ्या असतात, अंगात पायघोळ फुलाफुलांचा गाऊन आणि त्यावर ओढणी. गाऊन गुलाबी, ओढणी हिरवी. मेळ नसला तरी चालतं. घरात गाऊन बरा, हवा खेळते. पण दाराची बेल वाजली की ओढणी शोधायची. उन्हाळ्यात कूलरही हार मानतो तेव्हा त्या गाऊनवर नायलॉनची ओढणी घेऊन उभी राहणारी बाई मी पाहिली की मला वाटायचं, हे काम आपलं आहे. घरात घालता येईल आणि ओढणीशिवाय दार उघडता येईल असा एक गाऊन आपण करायचा.

या एका गाऊनमागे माझी कितीतरी वर्षं गेली. जाड पॉपलिनचा केला. बायका म्हणाल्या, ताई, हा तर पोत्यासारखा लागतो. मलमलीला छातीपाशी अस्तर लावलं. घामाने अस्तर अंगाला चिकटलं आणि गाऊन वर सरकायला लागला. कॉलर लावून पाहिली. पुढे झालर लावली, ती धुतल्यावर कोबीच्या पानासारखी गुंडाळली गेली. दर वर्षी काहीतरी नवं करायची, दर वर्षी बायका ते घेऊन जायच्या आणि त्याच्यावर ओढणी घ्यायच्या.

आमचे हे इथल्या पोलाद प्लांटमध्ये फिटर होते, आता निवृत्त आहेत. ते धीर द्यायचे. म्हणायचे, "काही म्हण, तुझा गाऊन मजबूत असते." उन्हाळ्याच्या कपड्याला मजबूत म्हणणं ही शिवी आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दुकान चालत होतं ते दुसऱ्या एका गुणावर. मला लोक सापडतात. फॅशनचा कोर्स करून घरी बसलेल्या मुली, क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात ठसे मारून कापड छापणाऱ्या गृहिणी, जुन्या साड्यांचे कुर्ते करणारी एक तेलुगू शिक्षिका. अशांना मी दुकानात एकेक दांडी देत आले. माझी निवड करायची पद्धत अगदी साधी. कपडा हातात आला की आधी उलटा करायचा. बाहेरून सगळेच छान दिसतात. आतली शिवण बघितली की शिवणाऱ्याचा स्वभाव कळतो. मग मुंढा बघायचा, म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात ती गोलाई. उन्हाळ्यात कपडा पहिल्यांदा तिथेच टोचतो. आणि शेवटी त्या मुलीला सांगायचं, तुझा बिघडलेला नग दाखव. चांगला दाखवायला सगळ्या तयार असतात. बिघडलेला दाखवताना जी गोंधळत नाही, कुठे चुकलं ते सांगते, तिला दांडी द्यायची.

या सगळ्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या पुढे गेल्या, कुणी रायपूरला दुकान टाकलं, मी पेढे वाटले. आता कळतं की माझं मन मोठं वगैरे काही नव्हतं. त्या जे करत होत्या ते मला करायचंच नव्हतं, एवढंच.

एका फेब्रुवारीत मी भाजी बाजारात उभी होते. समोर एक बाई वांगी निवडत होती. तिच्या अंगात फिक्या पिवळ्या मलमलीचा गाऊन, आणि ओढणी नाही. मी आधी चेहऱ्याकडे पाहिलं, म्हटलं कुणी बिनधास्त बाई असेल. पण ती आमच्यासारखीच होती, चारचौघींसारखी. मग गाऊनकडे पाहिलं आणि माझ्या हातातली पिशवी खाली गेली.

खांद्याच्या शिवणीत पुढच्या बाजूने त्याच कापडाचा एक सैल पदर बसवलेला होता. खांद्यापासून कंबरेच्या जरा वरपर्यंत, दोन्ही बाजूंनी मोकळा. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याची खालची दोन टोकं तेवढी बाजूच्या शिवणीत टाका घालून धरलेली. बस. मलमलीवर मलमल, मधून वारा ये-जा करतो आहे, आणि आरपार काही दिसत नाही. अस्तर नाही, झालर नाही, कॉलर नाही.

मी त्या बाईला विचारलं, "हा कुठून घेतला जी तुम्ही?"

"उतईची एक पोट्टी शिवते," ती म्हणाली. "दामिनी रामटेके. माझ्या बहिणीच्या घराजवळ राह्यते. छान आहे न? दिवसभर हाच घालून राह्यते मी."

मी "छान आहे" म्हटलं. वांगी न घेता घरी आले.

त्या दिवशी मी जेवले नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवले, चांगली जेवले. पण प्रत्येक घासाला एकच वाटत होतं, हे मला का सुचलं नाही? ओढणी काढून टाकायच्या मागे मी इतकी वर्षं लागले होते आणि त्या मुलीने ओढणी गाऊनलाच शिवून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी स्कूटी काढून उतईला गेले. घर विचारत विचारत सापडलं. दामिनी जेमतेम पंचविशीची, सावळी, केस वर बांधलेले, गळ्यात मोजपट्टी. वडील हथखोजच्या एका कारखान्यात लेथवर कामाला, आई आमच्या भंडाऱ्याकडची. शिवणयंत्र पुढच्या खोलीत खिडकीपाशी होतं. मी दुकानाचं नाव सांगितलं तशी ती उठून उभी राहिली.

"तुमचं दुकान माहीत आहे न मले, मावशी. कॉलेजमधून येताना बाहेरून पाहून राहायची मी. अंदर यायची हिंमत नाई झाली."

मी गाऊन मागितला, उलटा केला. शिवण आतून पट्टीने झाकलेली, एकही दोरा लोंबत नव्हता. मुंढा पाहिला. मुंढा माझ्याइतका चांगला नव्हता. हे पाहून मला इतकं बरं वाटलं की मी तो दोनदा पाहिला.

मग सवयीने म्हटलं, "बिघडलेला नग दाखव."

तिने खाटेखालून एक गाठोडं ओढलं आणि सोडलं. "हा पहिला. जाड कापडाचा केला होता, गरम व्हायचा. मग हा अस्तरवाला. हा तर चिपकतच होता. मग कॉलर लावून पाह्यली, ते तर पूरी बेकार दिसली. आणि ही झालर..." ती हसली. "धुतल्यावर पत्तागोभी झाली पाहा, मावशी."

मी ते एकेक हातात घेत होते. पॉपलिन, अस्तर, कॉलर, झालर. माझ्या सगळ्या वर्षांचं गाठोडं तिच्या खाटेखाली होतं.

"किती दिवस लागले तुले हे सारं कराले?" मी विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यात सुरू केलं न. दिवाळीपर्यंत झालं."

मी पाणी मागितलं. तिच्या आईने तांब्या आणून दिला, भंडाऱ्याच्या कुठल्या गावचे, कुणाच्या घरचे, अशी विचारपूस केली. मी उत्तरं दिली. मनात मात्र एकच चाललं होतं. ही मुलगी माझ्या दुकानात येऊ नये. आणि दुसऱ्या कुणाच्या दुकानात तर अजिबातच जाऊ नये.

निघताना मी म्हटलं, "सोमवारी माल घेऊन ये. तुले दांडी देते." तिचा चेहरा उजळला. ते माझ्यातल्या दुकानदाराने म्हटलं होतं. माझ्यातली शिवणारी बाई स्कूटीवर बसून रस्ताभर त्या दुकानदाराशी भांडत आली.

दामिनीच्या गाऊनना दांडी आतल्या कोपऱ्यातली मिळाली, कारण तीच रिकामी होती. माझे गाऊन तिच्या शेजारी. आता दुकानात बायका आल्या की आधी माझ्या गाऊनला हात लागायचा, मग तो हात सरकत पुढे जायचा आणि तिथेच थांबायचा. मी गल्ल्यामागे बसून ते हात पाहायची. दुकान इतकं चाललं नव्हतं कधी, आणि माझं जेवण मात्र आंबट व्हायला लागलं.

त्यात डोंगरे काका होते. प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर, सगळी नोकरी झालेला माणूस. आयुष्यभर भट्टीसमोर जाड कपड्यात उभं राहिल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना अंगावर काहीच सहन होईना. दर उन्हाळ्यात माझ्याकडे यायचे. मी काही पुरुषांचं शिवत नाही, पण त्यांना नाही म्हणवत नसे. ते म्हणायचे, "सुनंदाबाई, असं काही शिवा का अंगावर आहे हे कळलंच नाई पाह्यजे." मी पातळात पातळ मलमलीचा कुर्ता शिवून द्यायची. आठवड्याने परत यायचे. "चांगला आहे. पण कळते." मग मी गळा मोठा करायची, बाजूची शिवण उघडी ठेवायची. "आता जरा कमी कळते," म्हणायचे आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेच घालायचे.

त्या वर्षी ते आले तेव्हा दुकानात दामिनी होती. तिने त्यांना समोर उभं केलं, हात वर करायला सांगितले, खाली करायला सांगितले. मग विचारलं, "काका, कुठं कळते?"

हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. काकांनी मानेच्या मागे हात नेला. "इथं. बाकी कुठंच नाई."

कारखान्यात ते मानेभोवती जाड टॉवेल बांधायचे, तिथली कातडी कायमची हुळहुळी झाली होती. दामिनीने मागचा गळा खाली उतरवून कुर्ता शिवला, मानेला कापडाचा स्पर्शच नाही. काका परत आले नाहीत. मी वाट पाहिली. मग एकदा ते रस्त्याकडेच्या बाकावर बसलेले दिसले, तो कुर्ता घालून, पेपर वाचत. मला पाहून त्यांनी हात वर केला आणि ओरडून म्हणाले, "नाई कळत वो, सुनंदाबाई! बिलकुल नाई कळत!"

मी हसले. गालफडं दुखली.

माझी मुलगी प्रज्ञा दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. लहानपणापासून मी शिवलेलं घालायला तिचं नाक मुरडलेलं. "मम्मी, तेरा वाला आंटी टाईप असते," हे तिचं ठरलेलं वाक्य. एका संध्याकाळी ती दुकानातून घरी आली, आत गेली आणि दामिनीचा निळा टॉप घालून बाहेर आली. आरशासमोर वळून वळून पाहत होती.

"कसा दिसून राह्यला?"

"बरा आहे," मी म्हटलं.

"बरा? मम्मी, मस्त आहे! तू पण घे न एक. गाऊन घे."

मी स्वयंपाकघरात गेले. माझ्या मुलीच्या अंगावर माझ्या दुकानातला कपडा पहिल्यांदा आला होता, आणि तो मी शिवलेला नव्हता. दामिनीचा राग येत होता म्हणावं तर तिने काय केलं होतं? ती वेळेवर यायची, मावशी मावशी करायची, डब्यातली भाजी मला वाढायची. ती जरा उर्मट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

मार्च संपत आला आणि आमच्या विहारात चौदा एप्रिलची तयारी सुरू झाली. जयंतीच्या मिरवणुकीत महिला मंडळाच्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसतात, निळ्या काठाच्या. ब्लाऊज दर वर्षी माझ्याकडे. मिरवणूक भर उन्हात, साड्या सिंथेटिक, दर वर्षी कुणाला तरी चक्कर येतेच. मंडळाच्या अध्यक्ष कमलबाई यांनी त्या वर्षी बैठकीत सांगून टाकलं, "आता साड्या नको. सुती ड्रेस करू. पांढरा, निळ्या काठाचा, मोकळा. सुनंदा, तुझ्या त्या पोट्टीले सांग न."

तुझ्या त्या पोट्टीला. पूर्वी माझ्याकडे बघून "सुनंदा, तू कर" म्हणायच्या.

दामिनीने नमुना शिवून आणला. पुढे तोच सैल पदर, पण त्याच्या कडेला हातमागाच्या कापडाचा गडद निळा काठ. विहारात सगळ्या जणी त्याभोवती जमल्या, कुणी गालाला लावून पाहिला. प्रज्ञाही आली होती. मी काठ बोटांत धरला, उजेडात नेला, ओला करून पांढऱ्या रुमालावर घासायचं मनात आलं. असा गडद निळा सुती काठ पांढऱ्यावर बसवला की घामाने रंग सुटतो. हे मी कितीदा भोगलं आहे. तेव्हा माझ्या मनात मत्सर नव्हता असं नाही, पण बोलले ते खरंच धंद्यातलं बोलले.

"याचा रंग जाईन," मी म्हटलं. "मिरवणुकीत घाम आला की सारं निळं होईन."

कमलबाईंनी खाली पाहिलं. एकीने दुसरीकडे पाहिलं. आणि प्रज्ञा, माझ्या पोटची, हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मम्मी, तू जलून राह्यली का?"

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या लक्षात आलं की हे या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. मला वाटत होतं ते माझ्या पोटात आहे, आणि ते तोंडावर होतं. माझ्या शब्दाला विहारात वजन होतं, कापडाच्या बाबतीत तर माझ्यानंतर कुणी बोलत नसे. ते वजन गेलं होतं.

दामिनी म्हणाली, "मावशी, काठ मी मिठाच्या पाण्यात उकळवला आहे. दोनदा. सावलीत सुकवला."

"उकळवून पण जाते," मी म्हटलं. आता मागे कसं यायचं?

ड्रेस शिवले गेले. मुंढे मी कापून दिले, कारण तिनेच मागितलं. "तुमच्यासारखा मुंढा मले जमत नाई, मावशी." मी एकेक मुंढा असा कापला की त्यात कुणाला खोट काढता येऊ नये. त्यामागे प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. एवढी एक गोष्ट माझी होती.

चौदा एप्रिलला ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी स्वतः जुनी साडी नेसून गेले. मंडळाच्या बायका पुढे, ओळीने, पांढऱ्या ड्रेसमध्ये, पदर वाऱ्याने हलताहेत. रस्त्याच्या कडेचे लोक बोट दाखवून बघत होते. मी मुद्दाम मागच्या ओळीत राहिले आणि सगळा रस्ता एकच केलं, पाठी आणि काठ पाहत चालले. पाठी भिजत होत्या. बगला भिजत होत्या. निळा कुठे दिसतो का, मी पाहत होते. दिसावा असं वाटत होतं आणि दिसू नये असंही. बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्या बायका डागाळलेल्या कपड्यांत उभ्या राहतील, आणि मी बरोबर ठरेन. या दोन्ही गोष्टी एकदमच व्हायच्या होत्या.

चौकात शरबताचा स्टॉल होता. तिथे गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि पाण्याचा ड्रम कलंडला. सगळं पाणी कमलबाईंच्या अंगावर. खांद्यापासून खाली चिंब.

मी धावले. माझं वय धावायचं नाही, तरी ओळी तोडत धावले, त्यांच्या समोर गुडघ्यावर बसले आणि ओला पदर दोन्ही हातांत उचलला. काठाच्या कडेचं पांढरं कापड पाहिलं. चिमटीत धरून पिळलं. पाणी निथळलं, स्वच्छ.

"अवो राहू दे सुनंदा, काही नाई झालं मले," कमलबाई म्हणत होत्या. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, पाहा, कशी धावून आली. एकीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी वर पाहिलं. दामिनी शेजारी उभी होती. मी का धावले ते तिला एकटीला कळलं होतं. मी उठले तशी ती माझ्याजवळ सरकली.

"नाई गेला न?" तिने हळूच विचारलं.

"नाई गेला."

तिने मोठा श्वास सोडला. "मले पण लई भेव होतं, मावशी. तुम्ही म्हटलं तवापासून झोप नाई आली मले. वाटे, तुम्ही सांगून राह्यल्या म्हणजे जाईनच."

अख्ख्या विहारात माझं बोलणं कुणी खरं मानलं असेल तर तिने.

मत्सर तिथे संपला असं लिहिता आलं तर लेख गोड होईल. तो संपला नाही. त्या पावसाळ्यात रायपूरला नव्या डिझायनरांचं एक प्रदर्शन होतं, दामिनीला तिथे टेबल मिळालं. ती मला हट्टाने घेऊन गेली. मोठ्या हॉटेलातला हॉल, एसी इतका की उन्हाळी कपडे बघायला लोक शाली घेऊन आलेले. एक चष्मेवाल्या बाई दामिनीला बरंच काही विचारत होत्या, प्रेरणा काय, विचार काय. दामिनी म्हणाली, "जी, दरवाजा खोलना था बस." त्या बाईंना ते फार आवडलं, त्यांनी लिहून घेतलं. ते वाक्य माझ्या मनात कितीतरी वर्षं होतं, पण मला कुणी विचारलंच नव्हतं. मग दामिनीने माझी ओळख करून दिली, "ये मेरी दुकानवाली मौसी हैं." बाईंनी नमस्कार केला आणि पुन्हा तिच्याकडे वळल्या.

दुकानवाली मौसी. परतीच्या बसमध्ये ते शब्द माझ्या शेजारी बसून आले. दामिनी खिडकीला डोकं टेकून झोपली होती, तोंड किंचित उघडं. तिच्या मांडीवर ऑर्डरचा कागद होता. तो उडू नये म्हणून मी हाताने धरून ठेवला. का धरला, माहीत नाही.

माझे गाऊन मी दांडीवरून काढले. कुणी सांगितलं नव्हतं. आता मी मुंढे कापते, दुकान बघते आणि लोक शोधते. रोज सकाळी दुकानाची काच पुसताना भाजीच्या ठेल्यावर ओढणीविना उभ्या असलेल्या बायका दिसतात. चार वर्षं होत आली तरी छातीत बारीक काहीतरी टोचतंच. आता त्याच्याशी माझी ओळख झाली आहे.

या वर्षी होळीच्या आधी मला हथखोजमध्ये रुखसाना सापडली. एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते, घरी शिवते. कारखान्यात काम करणाऱ्या मुलींसाठी तिने आखूड, मोकळा शर्ट केला आहे; बाही कोपरापाशी एका पट्टीने वर बांधता येते, काम झालं की सोडता येते. कॉलर मागून उचललेली, मानेला वारा लागतो. मी तो दुकानात आणून टेबलावर ठेवला. दामिनी माल द्यायला आली होती.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"हथखोजच्या एका पोरीनं केलं. पाहा."

तिने शर्ट उचलला. उलटा केला. शिवण पाहिली. बाहीची पट्टी बांधली, सोडली, परत बांधली. मग मुंढा पाहिला. मग पुन्हा मुंढा पाहिला.

"मुंढा तेवढा चांगला नाई," ती म्हणाली.

मी तिच्या हातांकडे पाहत होते.

"आणि ही पट्टी... हे काही नवीन नाई, मावशी. मी पण करणार होती असं. मागच्याच साली डोक्यात होतं माझ्या." तिचा आवाज थोडा वर गेला. शर्ट तिने घडी न घालता टेबलावर टाकला, मग लगेच परत उचलला. डोळ्यांत पाणी येईल की काय असं वाटलं. "मले कावून नाई सुचलं हे?"

त्या मुलीला सांगण्यासारखं माझ्याजवळ एकही शहाणपणाचं वाक्य नव्हतं. असतं तर इतकी वर्षं मीच वापरलं नसतं का? मी दार ओढून घेतलं, स्टूल पुढे सरकवलं आणि टेबलाच्या खणातून शिवण उसवायची कात्री काढली.

"बस," मी म्हटलं. "उसवून पाहू, कशी केली तिनं."

ती बसली. मी एक बाही धरली, तिने दुसरी, आणि दुपारभर आम्ही दोघी मिळून रुखसानावर जळत राहिलो.